पाचवीचा कोरा कागद

दहापैकी पाच गुण मिळवून जगात आलेल्या एका विद्यार्थिनीची ही हकीगत आहे. गुण देणारा मी नव्हतो, हे आधीच सांगून टाकतो; मी असतो तर एखादा वाढवून दिला असता. माझी ती ख्याती आमच्या महाविद्यालयात आहेच. पण हे गुण माझ्या मुलीला तिच्या जन्मानंतर बरोबर एका मिनिटाने मिळाले, आणि ते देणाऱ्या डॉक्टरीणबाईंना उत्तरपत्रिका पुन्हा तपासा असे म्हणण्याची काही सोय नव्हती.

न्यूयॉर्कमध्ये व्हर्जिनिया अॅपगर नावाच्या एक भूलतज्ज्ञ होत्या. बाळ जन्मले की सगळ्यांचे लक्ष आईकडे, बाळाकडे कोणी धड पाहत नाही, हे त्यांना खटकले. म्हणून १९५२ साली त्यांनी ही परीक्षा बसवली. बाळाचा रंग, नाडी, रडणे, हातापायांतला जोर आणि श्वास असे पाच विषय, प्रत्येकी दोन गुण. पहिल्या मिनिटाला एकदा आणि पाचव्या मिनिटाला एकदा. आमची कन्या दुसऱ्या परीक्षेत सातावर गेली. मी पुष्कळ मुलांची प्रगती पाहिली आहे, पण चार मिनिटांत वीस टक्के ही प्रगती काही वाईट नव्हती. त्या रात्री मात्र हा विनोद मला सुचला नव्हता.

आमचे शहाड म्हणजे कल्याणच्या पुढचे, कसाऱ्याच्या वाटेवरचे पहिले स्टेशन. मुंबईकरांना ते माहीत असते ते गाडीत डुलकी लागून कल्याण चुकले म्हणून. एका अंगाला उल्हास नदी, एका अंगाला रेयॉनचा कारखाना, त्याच्याजवळ बिर्लांनी बांधलेले विठ्ठलाचे देऊळ आणि मधोमध आमच्यासारखी नोकरदार माणसे. २०१३ सालचा आषाढ होता. पाऊस लागून राहिला होता. लग्नानंतर सहा वर्षांनी घरात पाळणा हलणार होता, म्हणून माझ्या आईने तो माळ्यावरून दोन महिने आधीच काढून, धुऊन, पुसून ठेवला होता. मी त्याच पाळण्यातला. दिवस पूर्ण भरले होते, तपासण्या सगळ्या ठीक होत्या, आणि काळजी करण्यासारखे काही नाही असे ज्याने त्याने इतक्या वेळा सांगितले होते, की मीही ती करायचे सोडून दिले होते.

१८ जुलैला, म्हणजे दशमीच्या रात्री, घराजवळच्या प्रसूतिगृहात हिला नेले. दहाच्या सुमारास डॉक्टरीणबाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, “पाणी हिरवट आहे. बाळाचे ठोके उतरताहेत. थांबण्यात अर्थ नाही.” मी सही केली. कुठे केली, कशावर केली, ते मला आजही सांगता येणार नाही. चतकोर तासाने आतून रडणे ऐकू आले. रडणे कसले, कोणी तरी कण्हावे तसा एक आवाज आणि मग दुसरा. आई माझ्या शेजारी बाकावर बसली होती. तिने पाच बाळंतपणे पाहिलेली. ती हळूच म्हणाली, “पाणी प्यालं रे पोर.”

डॉक्टर ज्याला चार लांबलचक शब्दांत सांगतात, ते आमच्या बायकांनी तीन शब्दांत सांगून ठेवले आहे. पोटात गुदमरलेले बाळ कधीकधी तिथेच शी करते, ती त्या पाण्यात मिसळते, आणि पहिल्या धापेबरोबर ते चिकट पाणी त्याच्या छातीत उतरते. मग फुप्फुसे नीट उघडत नाहीत. तान्ह्या बाळाचा श्वास मिनिटाला चाळीस ते साठ असा चालतो. हिचा ऐंशीवर होता. दर श्वासाला नाकपुड्या फुलत होत्या, बरगड्यांखालची कातडी आत ओढली जात होती. प्रसूतिगृहात प्राणवायू होता, पण अशा बाळाला ठेवण्याची सोय नव्हती. पहाटे पाचला कल्याणहून रुग्णवाहिका आली. पत्नी गुंगीत होती. तिला मूल दाखवले ते दुपट्यातून नाक तेवढे दिसेल असे, आणि लगेच उचलले.

शहाडहून कल्याण ते किती? दहा मिनिटांची वाट. पण त्या दिवशी आषाढी एकादशी होती. आमच्या देवळाला लोक प्रतिपंढरपूर म्हणतात आणि त्या दिवशी ते खरेही वाटते. पहाटेपासून रस्ता माणसांनी भरला होता. छत्र्या, भिजलेल्या पताका, टाळ, डोक्यावर तुळशी घेतलेल्या बायका. गाडी अडली. चालकाने भोंगा वाजवला, तो टाळांत बुडून गेला. नर्सबाईंच्या मांडीवर माझी मुलगी ऐंशीच्या वेगाने श्वास घेत होती आणि गाडीचा वेग शून्य होता. मी दार उघडून खाली उतरलो आणि ओरडलो, “माउली, तान्हं बाळ आहे हो आत!”

काय झाले ते मला नीट सांगता येत नाही. एका म्हाताऱ्याने टाळ थांबवले, त्याच्या पुढच्याने थांबवले, आणि गर्दी हळूहळू मधोमध उकलत गेली. गाडी निघाली. एका बाईने खिडकीतून हात घालून दोन तुळशीची पाने माझ्या हातात दिली. सात वर्षे मी वर्गात संतवाङ्मय शिकवत होतो. उरलेल्या वाटेत एक ओळ आठवेल तर शपथ. पाने मात्र मुठीत घट्ट धरून बसलो होतो.

त्या अतिदक्षता विभागाला एक काचेचे दार होते आणि दाराबाहेर चपला काढायचा चौरंग. बाहेर दोन बाके. त्या बाकांवर पुढचे अकरा दिवस माझे बिऱ्हाड होते म्हणायला हरकत नाही. सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा हात कोपरापर्यंत धुऊन, हिरवा अंगरखा चढवून दहा मिनिटे आत जाऊ देत. पहिल्या दिवशी मी आत गेलो तेव्हा तिच्या नाकात दोन लहान नळ्या होत्या, हाताला फळीचा तुकडा बांधून सुई लावलेली, पायाच्या अंगठ्याला लाल दिव्याचा एक चिमटा. डोक्याशी चिठ्ठी होती: ‘बेबी ऑफ’ आणि पुढे हिचे नाव. व्याकरणात आपण ह्याला षष्ठी म्हणतो. बापाचा त्या षष्ठीशी काही संबंध नव्हता. नाव काय ठेवायचे ह्यावर आम्ही सहा महिने वाद घातले होते, तिघांनी तीन याद्या केल्या होत्या, आणि आता बिलाच्या खिडकीवरचा माणूस “पेशंटचं नाव?” म्हणून विचारी तेव्हा मी पत्नीचे नाव सांगत असे.

नळ्यांचे दुसरे टोक पाण्याच्या एका बाटलीत बुडवलेले होते आणि त्या बाटलीत सारखे बुडबुडे येत होते. मला वाटले, इतका पैसा घेतात आणि हे काय, मासे पाळल्यासारखे? तिथल्या डॉक्टरांनी, ते माझ्याहून चारदोन वर्षांनी लहानच असतील, मला समजावून सांगितले. “सर, फुगा पहिल्यांदा फुगवायला किती जोर लागतो? एकदा थोडा फुगलेला राहिला की पुढचं सोपं. नळी पाच सेंटिमीटर पाण्यात आहे. तेवढा दाब छातीत राहतो. फुप्फुस पुरतं मिटत नाही.” एवढेच. १९७१ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या ग्रेगरी नावाच्या डॉक्टरांनी हा दाबाचा उपाय जगापुढे मांडला. त्याच्या आठ वर्षे आधी, ऑगस्ट १९६३ मध्ये, अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी ह्यांना साडेपाच आठवडे आधी जन्मलेला मुलगा झाला होता. फुप्फुसे उघडत नव्हती. त्याचे दुखणे आमच्या मुलीहून निराळे होते, पण अडचण तीच. त्याला बॉस्टनला हलवले, जास्त दाबाच्या मोठ्या कोठीत ठेवले, जगातले उत्तमोत्तम डॉक्टर जमले, आणि एकोणचाळीस तासांनी तो गेला. व्हाइट हाउसला जे मिळाले नाही ते मुरबाड रस्त्याच्या बाजूला एका दुमजली इमारतीत बाटलीत बुडबुडत होते. मी त्या बुडबुड्यांवर पुन्हा टीका केली नाही. रात्री दार उघडे तेव्हा तेवढा आवाज बाहेर येई आणि मी त्याच्या आधाराने डोळे मिटत असे.

पण त्याच दारातून दुसराही आवाज येई. कुठल्या तरी बाळाचा प्राणवायू उतरला की यंत्र टिटवीसारखे ओरडू लागे. आत सात पेट्या होत्या, बाहेर आम्ही पाचसहा बाप. आवाज आला की सगळे एकदम उभे राहत. कोणीच काही बोलत नसे. मनात प्रत्येकाच्या एकच असे: आपले नसो. तिसऱ्या रात्री मला एकदम लख्ख कळले की आपले नसो म्हणजे दुसऱ्याचे असो. मी करुणेवर व्याख्याने दिली आहेत, आणि रात्री अडीच वाजता त्या बाकाजवळ उभा राहून मी माझ्या शेजाऱ्याच्या मुलावर संकट मागत होतो. नर्स बाहेर येऊन दुसऱ्याचे नाव घेई आणि मला बसायला होई. ते हायसे वाटणे मी विसरलेलो नाही. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षाला आग लागून दहा बाळे गेल्याची बातमी वाचली, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे आली ती बाहेरची बाके.

शेजारी होता तो मुरबाडच्या पलीकडच्या एका पाड्यावरचा. विटांच्या भट्टीवर काम करणारा, पंचविशीचा. त्याला जुळे झाले होते. “सर, तुमचं किती?” त्याने पहिल्या दिवशी विचारले. मला वाटले बिलाचे विचारतो आहे. “वजन वो.” मी म्हटले, “दोन किलो नऊशे.” तो थोडा वेळ गप्प राहिला. “आमचं एक बाराशे, एक अकराशे.” ग्रॅममध्ये बोलायला आम्ही सगळेच तिथे शिकलो. इंग्रजी कागद आला की तो माझ्याकडे आणी, मी वाचून सांगे, तो सही करी. चहाचे पैसे तो एकदा देई, एकदा मी.

आता दुधाचे सांगतो. दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, नळीने दूध सुरू करू, आईचे आणता येईल का? आई शहाडला, टाके घातलेली, मूल कल्याणला. मध्ये एक स्टेशन. तेव्हा मी दूधवाला झालो. प्रसूतिगृहातल्या आयाबाई दूध पिळून काढायला शिकवीत. पहिल्या दिवशी कसेबसे चमचाभर, पिवळे, घट्ट चीक. उकळलेली लहान स्टीलची डबी, तिला फडके, ती बर्फाच्या थर्मासमध्ये, आणि थर्मास छातीशी धरून मी शहाड स्टेशनावर. सकाळच्या गाडीला कसाऱ्याकडून भरून आलेली माणसे दाराला लोंबकळत असतात. एरवी मी त्या गाडीत धक्के देणारा. त्या दिवशी मी दारातल्यांना म्हणालो, “जरा सांभाळून, दूध आहे.” एक जण म्हणाला, “काका, मग टँकर मागवायचा.” सगळे हसले. मी म्हटले, “पाच मिलिलिटर आहे. मुलगी आयसीयूत आहे.” पुढले चार दिवस त्या दारातली ती पोरे माझ्यासाठी कोपरा धरून ठेवीत आणि कल्याणला “दूध उतरू द्या रे!” म्हणून ओरडत. त्यांची नावे मी विचारली नाहीत.

पाच मिलिलिटरांचे चौथ्या दिवसापर्यंत वाटीभर झाले. मुलगी दर दोन तासांनी दहा घेई; उरलेले वाया जाई. शेजाऱ्याच्या बायकोला दूधच येत नव्हते. ती अशक्त, आणि दोघांपायी खचलेली. पत्नीने निरोप दिला, माझे दूध त्या जुळ्यांना द्या. मी मोठ्या ऐटीत तो सिस्टरांना सांगितला. त्या म्हणाल्या, “तसं नाही देता येत, सर. एकीचं दूध दुसरीच्या बाळाला सरळ नाही द्यायचं. तपासावं लागतं, साडेबासष्ट अंशांवर अर्धा तास तापवावं लागतं. ते सायनला होतं.” सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस ह्यांनी १९८९ साली मानवी दुधाची पेढी सुरू केली, आशियातली पहिली. महापालिकेच्या रुग्णालयात येणाऱ्या गरिबांच्या कमी दिवसांच्या बाळांना वरच्या दुधाने जंतुसंसर्ग होतो हे पाहून त्यांनी हे केले. पैशांची पेढी आम्हा प्राध्यापकांना पक्की ठाऊक. त्याच आठवड्यात मी आमच्या पतपेढीतून कर्ज काढले होते. दुधाचीही पेढी असते हे मला त्या दिवशी कळले.

सहाव्या दिवशी सकाळी मी आलो तेव्हा शेजारचे बाक रिकामे होते. पैसे संपले होते. जुळ्यांना रात्री सायनला नेले होते. नेताना दोघेही जिवंत होते, एवढे सिस्टर म्हणाल्या. मी त्याचा पत्ता घेतला नव्हता, फोन घेतला नव्हता. पाच दिवस त्याचे कागद मीच वाचत होतो, तरी त्याच्या गावाचे नाव माझ्या ध्यानात राहिले नाही. मुलीला सोडल्यावर सायनला जाऊन विचारायचे असे मी ठरवले होते. मी गेलो नाही. कामे होती, बारसे होते, हे सगळे खरे. पण काय ऐकावे लागेल ह्याची भीती वाटली, हे अधिक खरे.

पुढे पुष्कळ वर्षांनी मी गडचिरोलीच्या डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग ह्यांच्या कामाविषयी वाचत होतो. तिथल्या एकोणचाळीस खेड्यांत त्यांनी गावातल्याच बायकांना तान्ह्या बाळाचे श्वास मोजायला, त्याला ऊबदार पिशवीत ठेवायला, जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन द्यायला शिकवले. आधी हजार जन्मांमागे बासष्ट बाळे पहिल्या महिन्यात जात. तीन वर्षांत हे मरण निम्म्याहूनही खाली आले. १९९९ साली ‘लॅन्सेट’ने ते छापले, आणि २०११ पासून देशभरच्या आशाताईंना तसे शिक्षण मिळू लागले. हे वाचताना मी पुस्तक खाली ठेवले. पाड्यावर कोणी श्वास मोजणारी होती का, एवढे तरी मी त्याला विचारायला हवे होते.

पाचवीचे राहिलेच. पाचव्या दिवशी आईने घरी पाटावरवंटा मांडला, समई लावली, कोरा कागद आणि लेखणी ठेवली. सटवाई रात्री येते आणि बाळाच्या कपाळावर त्याचे नशीब लिहून जाते. सगळे यथासांग झाले, पण बाळ नाही, बाळंतीण नाही, अशी ती पूजा. आईला एकच घोर. “तिला कल्याणचा पत्ता कसा सापडेल?” मी काही तरी थट्टा करणार होतो, पण तिच्याकडे पाहून केली नाही. तिने तो कोरा कागद घडी घालून माझ्या खिशात ठेवला. “उशाशी ठेव म्हणजे झालं.”

काचेच्या दारातच मला अडवले. बाहेरची वस्तू आत चालत नाही. मी कागद दाखवला, कारण सांगितले, आणि चाळीस मुलांपुढे कधी वाटली नाही इतकी लाज मला वाटली. रात्रपाळीच्या सिस्टर केरळच्या होत्या. बारा वर्षे कल्याणात राहून मराठी छान बोलत. त्यांनी सटवाई कोण ते विचारून घेतले. मग पेटीला लटकवलेली फळी काढून माझ्यापुढे धरली. तिच्यावरच्या कागदात तासातासाची चौकट होती: श्वास ऐंशी, अठ्ठ्याहत्तर, शहात्तर, चौऱ्याहत्तर, सत्तर, अडुसष्ट, नाडी, दूध, शी, शू. सगळे वेगवेगळ्या अक्षरांत. “आम्ही पण लिहितोच ना, सर,” त्या म्हणाल्या. मी घरी जाऊन आईला सांगितले की लिहिणारी तिथे आहे, रात्रभर जागी असते. आईने विचारले, “अक्षर कसं आहे?” मी म्हटले, “चांगलं आहे.” ती झोपली.

सहाव्या दिवशी पत्नी टाके सांभाळत रिक्षाने आली आणि पहिल्यांदा मुलीला नीट पाहिले. तेवढ्यात कावीळ चढली होती, म्हणून डोळ्यांना पट्टी बांधून निळ्या दिव्याखाली ठेवलेली. “हिला मी दिसणार नाही,” ती म्हणाली. “मला हिचे डोळे कसे आहेत ते माहीत नाही.” मी पाहिले होते, काळेभोर, पण हिच्याआधी मी पाहिले हे सांगायला मला संकोच वाटला.

नवव्या दिवशी नळ्या निघाल्या. पत्नीला जरा ताप होता म्हणून तिला आत घेतले नाही. सिस्टर म्हणाल्या, “सर, सदऱ्याची बटणे काढा.” मला वाटले मलाच काही तपासायचे आहे. त्यांनी मुलीला लंगोटावर माझ्या उघड्या छातीवर ठेवले आणि वरून चादर गुंडाळली. कांगारूची रीत. कोलंबियातल्या बोगोटा शहरात पेट्या पुरेनात म्हणून १९७८ साली डॉ. एडगर रे ह्यांनी बाळांना आयांच्या छातीशी बांधले, तिथून ती निघाली. बापानेही चालते, हे मला ठाऊक नव्हते. ती उंदराएवढी नव्हती, चांगली तीन किलोच्या जवळची. तरी मी श्वास रोखून बसलो. सिस्टर म्हणाल्या, “तुम्ही घ्या ना श्वास. तुम्ही घेतला की ती घेईल.”

अकराव्या दिवशी तिला घरी आणले. बिलाच्या खिडकीवर मी शेवटचे एकदा ‘बेबी ऑफ’ लिहून सही केली. देवळावरून जाताना रिक्षा थांबवली नाही, पाऊस होता. आईने दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि पाळण्याला हात लावू दिला नाही. आधी बारसे, मग पाळणा.

त्या रात्री घरात फार शांत वाटत होते. बुडबुडे नाहीत, लाल दिवा नाही, टिटवी नाही. मला झोप येईना. एकदोनदा कूस बदलून पाहिली, मग विजेरी घेऊन उठलो, तिच्यावर रुमाल टाकला, मनगटावरचे घड्याळ त्या उजेडात धरले आणि मुलीच्या पोटाकडे पाहत राहिलो.

“मोजताय?” हिने अंधारातून विचारले.

“हं.”

“किती?”

“चव्वेचाळीस.”

ती काही बोलली नाही. थोड्या वेळाने म्हणाली, “पुन्हा एकदा मोजा.”